गाडीखालचा पेपर

आमच्या हेब्बाळच्या बिल्डिंगमध्ये पेपर सगळेच वाचतात, पण देसाईअण्णा तो गाडीखालून काढून वाचतात. संध्याकाळी दिसेल त्या गाडीच्या चाकांपाशी जुने कन्नड पेपर पसरायचे आणि सकाळी गुडघे टेकून त्यावर डाग शोधायचे, हा त्यांचा निवृत्तीनंतरचा उद्योग. डाग दिसला की बोटावर चोळणार, हुंगणार आणि मग निकाल देणार, "एसीचं पाणी. जा." ते जा म्हणेपर्यंत मला व्हाइटफील्डच्या ऑफिसला निघायची सोय नाही. माणूस निपाणीकडचा, जन्म गेला सरकारी कारखान्यात यंत्रं तपासण्यात. स्वतःकडे गाडी नाही, म्हणून आमच्या डोक्याला ताप. उशीर झाला की मी मनातल्या मनात त्यांचा उद्धार करायचे.

गेल्या सोमवारी ते माझ्या गाडीपाशी वाकले ते उठेचनात. मागच्या चाकाखालचा कागद पिवळट, तेलकट भिजला होता.

"स्वल्प थांब गं. ब्रेक दाबून धर बघू."

दाबला. पाय हळूहळू खाली जायला लागला आणि जातच राहिला. पेडल पार तळाला टेकलं. मागे माझी लेक दप्तर मांडीवर घेऊन बसलेली. थोड्याच वेळात आम्ही फ्लायओव्हरच्या उतारावर असतो. अण्णांनी खिडकीतून हात घालून किल्ली काढून घेतली.

मेकॅनिक म्हणाला, ब्रेक ऑइलची नळी चिरलीय. संध्याकाळी आभार मानायला गेले, तर अण्णा जिन्याच्या पायरीवर सुन्न बसलेले.

"संदीपच्या गाडीखाली कोण बघतंय गं?" ते म्हणाले.

संदीप त्यांचा एकुलता एक, कॅनडात असतो. ब्रेकचा विषय निघाला की तो हसतो आणि फोन ठेवून देतो. त्या दिवशी मात्र मला काही हसू येईना. अण्णांच्या मोबाइलवरून मीच त्याला व्हिडिओ कॉल लावला आणि दरडावलं, आधी गाडीखालचं दाखव. तिकडे सकाळ, तो ऑफिसला निघालेला. बिचारा बर्फात वाकला.

अण्णांनी चष्मा पुसला आणि मोबाइल अगदी डोळ्यांशी नेला. बराच वेळ बघत राहिले.

"काही कळत नाही गं," ते हळूच मला म्हणाले. "सगळं पांढरं आहे."

तिकडून संदीप विचारत होता, "अण्णा, जाऊ ना मी?"

अण्णांच्या तोंडून जा काही निघेना.