कुणाचीच नसलेली मांजर

"ही मांजर आपली नाही, पुन्हा सांगून ठेवतो," डोळ्याला भिंग लावलेले घड्याळजी पुटपुटले. चहा घेऊन आलेल्या बायकोला ते ऐकू आलं आणि दिसलंही. मांजर त्यांच्याच मांडीवर पसरली होती, आणि तिची झोप मोडू नये म्हणून ते कोपर हवेत धरून स्क्रू पिळत होते.

घराच्या पुढच्या खोलीतच त्यांचं दुकान, मागे ते, बायको आणि लेक राहायचे. गावभराची घड्याळं चालती करणाऱ्या या माणसाच्या भिंतीवरचं लंबकाचं घड्याळ मात्र वर्षभर बंद होतं. विचारलं की म्हणायचे, "पार्ट मिळत नाही." गेल्या वर्षी मांजर दारात आली तेव्हा येईल तशी जाईल, असं ठरलं होतं. आली ती आलीच. जायचं तिच्या लक्षात राहिलं नाही. नाव ठेवलं की माया लागते आणि माया लागली की खर्च, हा घड्याळजींचा सिद्धांत. म्हणून तिला नावही नव्हतं.

त्या आठवड्यात मांजरीने दुधाच्या बशीकडे पाठ फिरवली. बायकोने बशी दोनदा बदलून पाहिली. नवऱ्याला सांगावं, तर "आपली आहे का ती?" हे ऐकावं लागणार. तिने गुपचूप एका जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला.

"किती लिटर देते?" डॉक्टरांनी विचारलं.

"काही देत नाही हो. मांजर आहे."

"मग आमच्याकडे नको. आम्ही शिंगवाली बघतो."

त्यांनी पुलापलीकडच्या डॉक्टरीणबाईंचा पत्ता तेवढा दिला. "भाजी आणते," म्हणून ती निघाली. पिशवीतली भाजी वाटभर ओरडत होती.

डॉक्टरीणबाईंनी पिशवीत डोकावून मांजरीचा फाटका कान पाहिला आणि चष्मा पुसला.

"सोमवारी एक भिंगवाले गृहस्थ अशीच घेऊन आले होते. शेजाऱ्यांची आहे म्हणाले. दाढ दुखत होती. औषध दिलं, मऊ खाणं भरवा म्हटलं. मग गुरुवारी एक मुलगी आली. मैत्रिणीची मांजर, दूध पीत नाही म्हणाली. तिलाही मऊ खाणं दिलं. मला वाटलं, बहिणी-बहिणी असतील."

त्यांनी मांजरीला काट्यावर ठेवलं. उपाशी मांजर सोमवारपेक्षा चांगलीच जड भरली. बाप टेबलाखाली भरवत होता आणि लेक गच्चीत. दुधाला जागा उरणार कुठून?

"उपास मानवलाय हिला," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण दाढ काढायलाच हवी. भूल द्यावी लागेल. पुढेही दरवर्षी लस, तपासणी आलीच. खर्चाची तजवीज करून ठेवा."

तेवढ्यात दार ढकलून घड्याळजी आत आले. भिंग कपाळावरच राहिलेलं, मागे धापा टाकणारी लेक.

"फाटक्या कानाची कुणी आणून..." एवढं म्हणेपर्यंत त्यांना मांजर दिसली, आणि मग बायको. "तू भाजीला गेली होतीस ना?"

"हो. आणि आपल्या शेजाऱ्यांनी मांजर पाळलीय, हे मला आजच कळलं."

डॉक्टरीणबाईंनी दोघांनाही दाढ काढायचं सांगितलं. लेक मैत्रिणीचा विषय निघायच्या आत घाईघाईने म्हणाली, "बाबा, दाढेच्या पैशांचं काय करायचं?"

घड्याळजी खाकरले. "भिंतीवरचं घड्याळ बिघडलेलं नाहीये."

"मग?"

"आत पैसे आहेत. लंबकाला हलायला जागा नाही."

"कसले पैसे?" बायकोने विचारलं.

"मांजरं म्हातारी होतात," ते काट्याकडे बघत म्हणाले. "दात जातात त्यांचे."

डॉक्टरीणबाईंनी पेन उघडलं. "तर मग, मांजर कुणाची लिहू?"

लेकीने आईकडे पाहिलं, आईने छताकडे. मांजर काट्यावरून उतरली आणि घड्याळजींच्या हातावर टेकून पसरली. त्यांनी कोपर नेहमीसारखं हवेत धरलं.

"आपली," ते बायकोला म्हणाले. "आपलीच आहे ती."