बारी मास्तरांची तक्रार वही

आमच्या ओटीवर महिन्यातून एकदा एक माणूस येतो. मला रामराम करत नाही. पाणी दिलं तर तांब्या बाजूला ठेवतो. खिशातून चष्मा काढतो, काखेतली लांबडी वही उघडतो, माझ्या कुत्र्यासमोर मांडी घालून बसतो आणि विचारतो,

"प्रवाशाची काही तक्रार?"

कुत्रा त्याच्याकडे बघतो. तो कुत्र्याकडे बघतो. मग "अस्सं... अस्सं..." करत पानभर लिहून काढतो. मी माझ्याच घरात खांबाला टेकून उभा. माझ्याविषयी काय लिहितोय ते मला वाचता येत नाही. मी दुसरीपर्यंत शिकलो, त्यातलं दीड वर्ष गुरांमागे गेलं. छापील अक्षर असेल तर बोट ठेवून जुळवतो मी. पण ह्या माणसाचं अक्षर म्हणजे मुंग्यांनी दाणा ओढत नेलेला.

हे बारी मास्तर. मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, एसटीतले कंडक्टर. ड्रायव्हर-कंडक्टर एकमेकांना मास्तर म्हणतात, तेच नाव त्यांना चिकटलं. डहाणूहून आमच्या सायवनला येणाऱ्या गाडीवर त्यांची बरीच उमर गेली. रिटायर झाले त्याला आता दहा-अकरा वर्षं होतील. पण घरातून निघताना दाराच्या चौकटीवर दोन टिचक्या मारल्याशिवाय त्यांचा पाय उचलत नाही. डबल बेल. एक बेल म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. माझ्या सुनेच्या हातचा चहा कितीही आवडला तरी टिक टिक झाली की माणूस निघाला.

रस्त्यावर टाकलेली, गाडीखाली आलेली, पोत्यात भरून सोडलेली कुत्री-मांजरं मास्तर उचलतात. बरी करतात आणि घर बघून देतात. असं करणारे दुसरेही आहेत. ते जनावर देतात, फोटो काढतात आणि मोकळे होतात. मास्तर मोकळे होत नाहीत. "तिकीट शेवटच्या स्टॉपपर्यंतचं फाडलंय," म्हणतात. जनावर जिवंत आहे तोवर त्याची सुई, औषध, रुसवा, शेजाऱ्याशी भांडण, सगळं मास्तरांचं. एखाद्याला सांभाळणं झेपलंच नाही तर त्याने मुकाट्याने मास्तरांकडे परत द्यायचं, कुठे सोडायचं नाही. परत घेताना ते कारण विचारत नाहीत. फक्त असं बघतात की माणूस आपणहून सांगून टाकतो.

जनावरांना नावंही ते स्टॉपचीच ठेवतात. जे जिथे सापडलं ते त्याचं नाव. रानशेतला एक मांजर आहे, तिचं नाव उधवा. माझा कुत्रा कासाच्या नाक्यावर सापडला म्हणून तो कासा. तुम्हाला हसू येईल, पण मला त्याचा फार जाच झाला. सुरुवातीला संध्याकाळी रस्त्यावर उभा राहून मी हाका मारायचो, "कासा! कासा! कासा!" की दोन बाया टोपल्या घेऊन धावत यायच्या. "आजा, गाडी कुठे?" काळीपिवळीवाले तर मला विचारायला लागले की तू आमच्या धंद्यात कधीपासून शिरलास.

मी कुत्रा मागितला त्याचं कारण रानडुकरं. नागलीचं शेत एका रात्रीत नांगरून ठेवायची. मला हवा होता जवान, दांडगा, कान ताठ असलेला कुत्रा. मास्तरांनी आणला तो अर्ध्या कानाचा, तोंडाभोवती पांढरा झालेला, आणि फटाका वाजला की कणगीमागे लपणारा.

मी म्हटलं, "हा डुकरं हाकलणार? हा तर डुकरांना वाट दाखवेल."

"बाबा," मास्तर म्हणाले, "जवान कुत्रा तुम्हाला ओढत नेईल. हा तुमच्या चालीने चालेल. तुमचं आणि ह्याचं तिकीट साधारण एकाच स्टॉपचं आहे."

माझं डोकं सणकलं. माझ्याहून फक्त सहा वर्षांनी धाकटा माणूस मला बाबा म्हणतो, आणि वर माझ्या ओटीवर उभा राहून माझा स्टॉप काढतो! मी त्यांना चालते व्हा म्हणणार होतो. पण तेवढ्यात तो कुत्रा आला आणि माझ्या पावलावर हनुवटी ठेवून बसला. पाय कसा काढणार?

मग मास्तरांनी वही पुढे केली. "इथे सही. नाहीतर अंगठा."

"अंगठा मी बापजन्मात दिला नाही," मी म्हटलं. "आणि सहीही देणार नाही. देवजी हो म्हणाला म्हणजे हो. कागद कशाला?"

त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला. मग वही मिटली. सून सविता सांगते की सगळ्या डहाणू-तलासरीत सही न घेता दिलेला तो एकच कुत्रा. ही गोष्ट मी चारचौघांत सांगतो. का नाही सांगायची?

एकदा मी हट्टच धरला, वहीत काय आहे ते वाचून दाखवा. मास्तरांनी घसा साफ केला.

"तक्रार पहिली. घरधनी भाकरी लांबून फेकतो. मान राखला जात नाही. तक्रार दुसरी. पहाटे खोकतो, प्रवाशाची झोपमोड होते. तक्रार तिसरी. प्रवाशाच्या देखत शेजाऱ्याच्या कुत्र्याची स्तुती करतो."

तिसरी ऐकून मी गार. कारण ते मी खरंच केलं होतं, चार दिवसांपूर्वी, ह्याच ओटीवर. सून शपथ घेऊन सांगते की तिने चुगली केली नाही. तेव्हापासून मी भाकरी हातात देतो. खोकायला मात्र अंगणात जात नाही. माझं घर आहे.

रानशेतच्या शिंपिणीचा किस्सा तर सगळ्यांना माहीत आहे. वेवजीकडच्या एका गुजराती घरातला कुत्रा मास्तरांनी तिला दिला. तो कुत्रा मराठीत काही केल्या ऐकेना. ये म्हटलं तरी बसून, बस म्हटलं तरी बसून. बाई रडकुंडीला आली, म्हणाली बहिरा आहे. मास्तर सकाळच्या गाडीने गेले आणि घरातल्या सगळ्यांना ओळीत बसवून शिकवलं, "आव. बेस. ना. चाल." तीन दिवस शिकवणी. आता कुत्र्याला मराठी येते, आणि शिंपिणीची सासू तिला गुजरातीत दटावते.

असा हा माणूस. मी त्यांना तोंडावर कधी चांगलं म्हटलं नाही.

ह्या पावसात भाताची लावणी चालू असताना कासाचे मागचे पाय गेले. सकाळी उठायला गेला आणि पुढून उठला, मागून उठलाच नाही.

"मास्तरांना फोन करते," सविता म्हणाली.

"कोणाला फोन नाही. जनावर माझं आहे."

दोन दिवस मी तेल चोळलं. झाडपाला बांधला. कासा माझ्याकडे बघायचा आणि लाजल्यासारखी मान फिरवायचा. तिसऱ्या सकाळी पहिल्या गाडीतून गुडघ्यापर्यंत चिखल झालेले मास्तर उतरले. सुनेने माझं ऐकलं नव्हतं. त्या दिवशी वही निघाली नाही.

"बाबा, आज तक्रार माझी आहे. फोन का नाही केला?"

"म्हटलं, तुम्हाला उगीच त्रास."

"त्रास? मग पाच वर्षं मी इथे काय तुमच्या सुनेचा चहा प्यायला येतोय?"

कुत्र्याला मांडीवर घेऊन ते जीपने गुरांच्या डॉक्टरकडे गेले. मग अकरा दिवस रोज आले. डहाणूहून सायवन, रोज. माझ्या जुन्या लुंगीची झोळी करून ती कुत्र्याच्या पोटाखालून घालायची, एक टोक त्यांच्या हातात, एक माझ्या. असे आम्ही दोघे म्हातारे कुत्र्याला खळ्याभोवती फिरवायचो. अख्खा पाडा बघायला जमायचा. "वरात निघाली रे!" पोरं ओरडायची. मास्तर गंभीरपणे म्हणायचे, "गर्दी करू नका, पुढे सरका."

कासा आता चालतो. थोडा तिरका चालतो, पण मीही तसाच चालतो.

आणि मग दिवाळीनंतर मास्तर आलेच नाहीत. एक महिना गेला. मी म्हटलं, बरं झालं, कटकट गेली. कासा रोज गाडीच्या वेळेला ओटीच्या कडेला जाऊन बसायचा. दुसरा महिनाही गेला, तेव्हा मी धुतलेला सदरा घातला आणि एसटीत चढलो. पंचाहत्तरी झाली म्हणून मला आता तिकिटाला पैसे लागत नाहीत. तरी मी पुढे करतो. कंडक्टर पोरगी म्हणाली, "आजोबा, तुम्हाला फुकट आहे." मी म्हटलं, "मी फुकट कुठे जात नाही." पण तिने शून्याचंच तिकीट दिलं.

मास्तरांची खोली डहाणूला एका चिकूच्या वाडीमागे. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगी बडोद्याला. मी पोचलो तर ते बाहेर खुर्चीत बसलेले, बनियनवर. गळ्याची हाडं दिसत होती. पडवीच्या खांबाला एक तांबडी कुत्री बांधलेली होती. म्हातारी. तिने मास्तरांच्या चपलेत नाक खुपसलं होतं.

"ही कोण?"

"प्रवासी," मास्तर म्हणाले. "बदली गाडीची वाट बघतेय."

"नाव काय?"

ते म्हणाले, "चारोटी."

हळूहळू सगळं निघालं. हृदयाची झडप बिघडली आहे. मुंबईला जाऊन कापाकापी करायची आहे, आणि ती ते पुढे ढकलत आहेत, कारण ही कुत्री. वेवजीच्या एका घराने अकरा वर्षं सांभाळली, आता ते लोक वापीला तिसऱ्या मजल्यावर राहायला गेले आणि हिला जिना चढवत नाही. नियमाप्रमाणे परत आली. मास्तरांनी बारा घरं विचारली. म्हातारी कुत्री कोणालाच नको.

"मग ठेवा की तुमच्याकडे. आत घ्या. बाहेर का बांधली?"

"सवय लागेल."

"तिला?"

मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"बाबा, ही माझी पहिली," ते म्हणाले. "नोकरीचं शेवटचं वर्ष होतं. चारोटीला एक माणूस पिशवी घेऊन उतरला आणि रिकामी पिशवी घेऊन परत चढला. मी बघितलं. पिशवीत काय होतं तेही मला कळलं. गाडी पंचवीस मिनिटं लेट होती. मी डबल बेल दिली. मागच्या काचेतून दिसत होतं, एवढंसं पिल्लू गाडीमागे धावतंय. पार नाक्यापर्यंत धावलं. दुसऱ्या दिवशी गेलो तर स्टॉपच्या बाकाखाली होती. डब्यातलं सगळं तिला दिलं. पण ती रात्र तिने काढलीच ना? आता मी हिला आत घेतली, आणि मुंबईला माझंच तिकीट संपलं, तर? हिला सोडून एकदा गेलो. दोनदा नाही जाणार."

मला वाटलं, आता हा माणूस म्हणणार, तुम्ही न्या हिला. मी वाट बघत होतो. ते काही बोललेच नाहीत.

"मला का नाही विचारलंत?" मी म्हटलं.

"कासा आजारातून उठलाय. घरात दुसरं जनावर आलं तर त्याला सोसणार नाही. तक्रार येईल."

तेव्हा मात्र मला राग आला. ह्या माणसाने माझ्या खोकल्याची नोंद ठेवली, आणि आपली ही गोष्ट दोन महिने कोणाला सांगितली नाही. मी तरी वेगळं काय केलं होतं पावसात, हे माझ्या ध्यानात आलं, पण ते मी बोललो नाही.

"वही काढ, मास्तर," मी म्हटलं.

"कशाला?"

"काढ म्हणतो ना."

वही आली. मी गुडघ्यांना हात लावत खाली बसलो, त्या कुत्रीसमोर, आणि विचारलं, "प्रवाशाची काही तक्रार?"

तिने चपलेतून नाक काढून माझ्याकडे बघितलं.

"अस्सं," मी म्हटलं. "लिही. प्रवासी म्हणते, घरधनी आत घेत नाही. आता पुढे लिही. मास्तर मुंबईला जाऊन येईपर्यंत प्रवासी सायवनला देवजीच्या घरी. मास्तर आले की परत मास्तरांच्या घरात, पडवीत नाही. आणि मास्तर नाही आले, तर सायवनलाच, शेवटच्या स्टॉपपर्यंत. कासाशी मी बोलून घेईन."

मास्तर लिहायला लागले. मध्येच मान वर करून म्हणाले, "पण बाबा, तुम्ही पंचाहत्तरी ओलांडलेली. माझ्याआधी तुमचंच संपलं तर?"

"माझ्या घरात सून आहे. ती माझं नाही ऐकत, पण तुझं ऐकते. आण इकडे ते पेन."

"तुमचा शब्द पुरे, बाबा."

"माझ्या कुत्र्याला पुरे होता. ही तुझी आहे."

माझी सही तीन अक्षरांची. तिला वेळ लागतो. 'दे' झाला, 'व' झाला, 'जी'ची वेलांटी ओळीबाहेर गेली ती गेलीच. पण अंगठा नाही. मास्तरांनी ते पान खूप वेळ उघडं धरलं, शाई वाळवल्यासारखं. मग उठून चारोटीची दोरी सोडली. ती आत गेली नाही लगेच. उंबऱ्याशी थांबली आणि त्यांच्याकडे बघत राहिली. ते म्हणाले, "चल, चारोटी," आणि तिच्यापुढे आत गेले.

मुंबईचा दिवस अजून ठरायचा होता. तोवर ती तिथेच राहणार होती, आत. दुपारच्या गाडीला दोघं मला स्टॉपवर सोडायला आले. मी मागच्या सीटवर बसलो. कंडक्टरने डबल बेल दिली. मी मागच्या काचेतून बघितलं. मास्तर दोन बोटं कपाळाला लावून उभे होते आणि चारोटी त्यांच्या पायाशी बसली होती. गाडीमागे कोणी धावलं नाही.