गॅसदाहिनीचा पहिला मान

वापरलेली वस्तू झिजते आणि न वापरलेली गंजते. या दोन्हींतून जी शिल्लक राहते तिला सुविधा म्हणतात. बोईसरपासून रिक्षाने जाता येईल एवढ्या अंतरावर, खाडीच्या अंगाला असलेल्या शिंपलपाडा गावची गॅसदाहिनी ही अशीच एक सुविधा. तिचं जतन ज्या निष्ठेने झालं त्याची कुठे तरी नोंद व्हावी, म्हणून दाहिनी जतन समितीच्या वतीने हे चार शब्द.

उद्घाटन थाटात झालं. फीत कापली गेली, पाहुण्यांनी आत डोकावून 'ऐसपैस आहे' असा अभिप्राय दिला आणि जेवून सगळे पालघरला परतले. त्यानंतर दाहिनीचा वापर झाला नाही. गावात माणसं जात नव्हती असं नाही, पण प्रत्येक घरचे लोक आयत्या वेळी खाडीवरच्या जुन्या जागेकडे वळत. "मशीन चांगली हाय," असं म्हणत, "पन पयलं आपनच कशाला?"

तेव्हा वापर नाही तर नाही, निदान जतन तरी व्हावं, म्हणून ज्ञानेशची नेमणूक झाली. ज्ञानेश पूर्वी तारापूरच्या एका कारखान्यात भट्टीवर होता. तो कारखाना बंद पडला, तेव्हा चालती भट्टी सोडून न चालणारी भट्टी सांभाळणं ही त्याच्या दृष्टीने बढतीच होती. खाऱ्या वाऱ्यावर ग्रीस, उंदरांवर डांबरगोळ्या, चिमणीच्या तोंडावर उलटी बादली (कावळ्यांसाठी, एरवी ते इथे पाहुणे, पण आत घरटं करू लागले), आठवड्यातून एकदा ब्लोअर फिरवणं, ट्रॉली रुळांवर पुढे-मागे नेणं आणि दाराच्या बिजागऱ्या धरू नयेत म्हणून रोज दार उघडून आत 'कोणी आहे का' हे पाहणं, अशी कामांची यादी होती. सुविधा इतकी लखलखीत राहिली की हेतल आणि हर्षित या जोडप्याने लग्नाआधीचे फोटो तिथेच काढले. चिमणीमागे सूर्य छान मावळतो.

खंडेनवमीला यंत्राची पूजा झाली. झेंडू वाहिला, नारळ फुटला, आणि गुरुजींनी सवयीने आशीर्वाद दिला, "या यंत्राला क्षणाची उसंत न मिळो. भरपूर काम येवो." टाळ्या वाजवायला उचललेले हात तिथेच थांबले. प्रसाद घ्यायला कोणी पुढे आलं नाही.

याच नोकरीवर ज्ञानेशचं दीपाशी लग्न ठरलं होतं. दीपाच्या वडिलांनी पाहण्याच्या दिवशी विचारलं, "काम काय?"

"मशीन ऑपरेटर."

"लोड किती असतो?"

"अजून एकदाही नाय."

"म्हंजे परमनंटच की!" ते म्हणाले, आणि सोयरीक पक्की झाली.

अशा सुखात निरीक्षक मेघाली मॅडम आल्या. त्यांनी जतन पाहिलं, बिजागरीवर बोट फिरवलं, बोट स्वच्छ निघालं, आणि त्यांनी पेढा खात सांगितलं की नियमानुसार मार्चअखेरपर्यंत यंत्राची भारासह चाचणी व्हायला हवी. न झाल्यास यंत्र दुसऱ्या तालुक्यात हलवलं जाईल आणि ऑपरेटरचं पद रद्द होईल.

"मॅडम, लाकडाचे ओंडके ठेवले तर?" ज्ञानेशने विचारलं.

"लाकूड वाचावं म्हणून मशीन दिलंय ना? मग त्यात लाकूड कसं जाळणार? भार मानवीच पाहिजे."

दीपाच्या वडिलांनी हे कानावर येताच हॉलचं बुकिंग एप्रिलपर्यंत 'होल्ड'वर टाकलं.

समितीने तातडीने उपाय योजला. खाडीवरची जुनी जागा दुरुस्तीसाठी बंद केली. आता पुढचा माणूस दाहिनीतच येणार, हे उघड होतं. ते गावकऱ्यांनाही उघड होतं. परिणामी गावात मरण थांबलं. ज्यांना घरघर लागली होती ते उठून बसले. म्हाताऱ्यांनी तंबाखू सोडली. संध्याकाळी बंधाऱ्यावर चालणाऱ्यांची एवढी गर्दी झाली की एकमेकांना धक्का लागून कोणी खाडीत पडू नये म्हणून दोरी बांधावी लागली. कोणत्याही दवाखान्याला जे जमलं नाही ते बंद दाहिनीने करून दाखवलं. गावाला निरोगी ग्रामाची ढाल मिळाली. ती ठेवायला कोरडी जागा म्हणून दाहिनीतच ठेवली.

राहता राहिला पहिला मान. शिंपलपाड्यात होळी पेटवण्याचा पहिला मान बळवंतदादांच्या घराचा. त्या मानापायी त्यांच्या वडिलांनी कोर्ट पाहिलं, दादांनी दोन मेव्हणे तोडले. ज्ञानेश त्यांच्या ओटीवर जाऊन बसला.

"दादा, पयला मान तुमचाच हाय."

"माजा कसा? गावात माज्यापेक्षा मोठी मानसं हायत."

"पन होळीला तर तुमी—"

"होळीला काडी लावायची असते रे! आत नाय जायचं."

आतून दमयंतीकाकूंचा आवाज आला. "सगळा जलम पयला मान, पयला मान करून माजे भाऊ तोडलेत. आता मान घरी चालत आला तं मागं काय सरकता? जावा! डबा देऊ का बरोबर?"

दादा हिरमुसले. मग ज्ञानेशकडे बघून, खालच्या आवाजात म्हणाले, "पोरा, तुजं लगीन यावरच अडलंय काय?"

"हां, दादा."

दादांनी बराच विचार केला. "मग असं करू. आग आनि मी, दोगं एकदम नको."

मेघाली मॅडमनी नियम पुन्हा वाचला. भारासह चाचणी असं म्हटलं होतं. भार आणि ज्योत एकाच वेळी हवेत असं कुठेही म्हटलं नव्हतं. तेव्हा आधी ज्योतीविना भार आणि मग भाराविना ज्योत अशा दोन चाचण्या घ्याव्यात आणि त्यांची बेरीज करावी, असं ठरलं.

मार्चच्या शेवटच्या दिवशी दादा पांढरं धोतर नेसून, हार घालून, बँड लावून आले. ढाल बाहेर काढली. गॅसचा कॉक बंद असल्याची तीन वेळा खात्री केली (तिन्ही वेळा दादांनी स्वतः). ते ट्रॉलीवर आडवे झाले, ट्रॉली आत गेली, दार लागलं, बँड थांबला. दीपाच्या वडिलांनी टोपी काढली.

आतून आवाज आला, "ज्ञानेश! हितली वीट वाकडी बसवलीय!" मग, "कॉन्ट्रॅक्टर कोन होता?" मग, "आनि हा दिवा का लागत नाय?"

दार उघडलं, दादा बाहेर आले, मग रिकाम्या दाहिनीत ज्योत पेटवली. बेरीज बरोबर आली. यंत्र राहिलं, ज्ञानेश राहिला, हॉल पक्का झाला.

अडचण एवढीच की मॅडमनी शेरा मारला आहे. चाचणी दरवर्षी घ्यायची आहे, आणि यंदाचा भार नियमात बसत नव्हता: तो आतून प्रश्न विचारत होता. पुढच्या वर्षी भार जिवंत चालेल, पण निष्क्रिय हवा. त्याला वाकडी वीट दिसली तरी चालेल. त्याने बोलता कामा नये. शक्यतो सुशिक्षित असावा. गावात दारोदार शोध घेतला. असा एकही माणूस मिळाला नाही.

म्हणून हा मजकूर छापील स्वरूपात, आपल्यासारख्या वाचकांसाठी दिला आहे. इच्छुकांनी अर्ज करू नये. अर्ज करणारे अपात्र ठरतील. आपण इथवर वाचलं असेल, दोनदा हसला असाल आणि आता पान उलटणार असाल, तर ज्ञानेश ट्रॉली घेऊन निघाला आहे.