ऊद मेथाचे रण आणि तीन पातेली

श्रीगजाननास नमन करोन, कुलदैवतांस स्मरोन, आणि मंडळाच्या थोरामोठ्यांचा रोष शिरी धरोन ही हकीकत लिहिली असे. शके १९२०, बहुधान्य नाम संवत्सरे, माघ शुद्ध पंचमी, शुक्रवार, ईदेची सुटी, ते दिवशी दुबई मुक्कामी ऊद मेथा येथे आमचे मंडळाच्या तिळगूळ समारंभी जो रणसंग्राम जाहला, तो जैसा घडला तैसा मांडिला. पदरचे मीठ घातले नाही. घातले असल्यास चवीपुरते.

मूळ कारण ऐसे जे, रणजितरावांचे कचेरीतील जपानी साहेब मायदेशी कूच करते समयी घरच्या व्हिडिओ कॅसेटी वाटोन गेले, त्यांत बायकांच्या कुस्तीची एक कॅसेट रणजितरावांच्या वाट्यास आली. त्या मुलखाचा शिरस्ता ऐसा, की एक सोज्वळ नायिका असावी, आणि एक तोंड रंगविलेली दुष्टा असावी, आणि दुष्टेने काठीने बडवावे, मग प्रजेने शिव्याशाप द्यावे, आणि शेवटी नायिकेने फत्ते करावी. रणजितरावांचे कुटुंब कुमुदबाई, यांनी ती कॅसेट चाळीस वेळा पाहिली, आणि चाळीसही वेळा त्यांचे मन दुष्टेवरच जडले.

यास कारण होते. कुमुदबाई म्हणजे गरीब गाय. बारा वर्षे मंडळाचे कार्य उरकले, की अध्यक्ष अण्णासाहेब यांचे फर्मान सुटे, जे मसालेभाताची तीन पातेली कुमुदबाईंनी घासावी. बाईंच्या मुखातून नकार कधी निघाला नाही. मग सारे गाड्यांत बसोन घरी जात, आणि बाई एकट्या मोरीशी झुंजत. एकदा तरी लोकांनी आपणांस भ्यावे, इतकीच त्यांची मुराद. म्हणोन समारंभी ही कुस्ती करावी आणि दुष्टेचे काम आपणांस द्यावे, ऐसा अर्ज त्यांनी गुदरला. खुद्द रणजितराव हसोन बोलिले, "अगं, तुला झुरळ पण घाबरत नाही! ही आयडिया खलास कर, हबीबी."

अण्णासाहेबांनी मात्र मंजुरी दिली. कलम एकच, जे नायिका ममताबाई, आणि फत्ते त्यांचीच व्हावी, कारण सण गोड बोलण्याचा आहे. कुमुदबाईंनी कबुलायत दिली.

मग गाद्या अंथरिल्या, आणि चार खांबांस नऊवारी लुगडी बांधोन आखाडा सिद्ध केला, आणि पंच दर्शनाबाई शिटी घेवोन उभ्या राहिल्या. ममताबाई शुभ्र पोशाखात हात जोडीत आल्या, टाळ्या पडल्या. मग कुमुदबाई मुखास काजळ फासोन, गालांवर कुंकवाचे पट्टे ओढोन, हाती लाटणे परजीत गर्जत आल्या, आणि येताच लाथ घातली. लाथ ममताबाईंच्या पोटरीस लागली मात्र, आणि कुमुदबाईंचा हात जन्माच्या सवयीने खाली गेला, ममताबाईंच्या पायास लागोन आपले कपाळी आला! माणसास पाय लागला, नमस्कार केला. सभा खदखदा हसली. दुसरी लाथ, दुसरा नमस्कार. दर्शनाबाईंस हसण्यामुळे शिटी फुंकवेना, आणि मागोन कोणी ओरडले, "कुमुदताई, यू आर टू स्वीट!" बाईंच्या डोळ्यांस पाणी आले, काजळ ओघळले. मुराद धुळीस मिळाली, ऐसे दिसोन आले. आम्हांस बहुत वाईट वाटले, म्हणोन हातचा तिळगूळ तोंडात टाकिला.

तिसरी लाथ. बाई पुनश्च वाकल्या. ममताबाई वयाने वडील, त्याही सवयीच्या बंद्या, हात पुढे करोन म्हणाल्या, "असू दे गं, असू दे." तो पुढे आलेला हात कुमुदबाईंनी मनगटी धरिला, आणि ऐसा हिसडा दिला, की ममताबाई गादीवर उताण्या! नमस्काराच्या मिषाने दगा! सभेत एकच हलकल्लोळ. पोरे "चीटिंग! चीटिंग!" ओरडों लागली. अण्णासाहेबांच्या मातोश्री ठकुबाई, वय ब्याऐंशी, महिनाभराच्या व्हिसावर आलेल्या, काठी उगारोन गरजल्या, "सटवे, नमस्कारात दगा करतेस?" कुमुदबाईंनी लाटणे त्यांच्याकडे रोखोन दात विचकले. इतक्या सुखी त्या आम्ही कधी पाहिल्या नव्हत्या.

मग कुमुदबाई ममताबाईंच्या छातीवर बसल्या, आणि दर्शनाबाईंनी एक म्हटले, दोन म्हटले, तीन म्हणणार, तों बाईंस कबुलायत आठवली, आणि दिल्या शब्दास जागोन त्यांनी आपण होवोन पकड सैल केली. ममताबाई उठल्या, उडी घालोन बाईंस दाबिले, तीन मोजले, फत्ते जाहली. नौबतीऐवजी पातेले बडविले.

पुढे कुमुदबाई रंगल्या मुखाने तिळगूळ वाटो लागल्या, तों ममताबाईंची अपूर्वा, वय वर्षे सहा, खुर्चीमागे दडोन म्हणाली, "नो! शी इज द बॅड वन!" बाईंस आनंदाने भरोन आले. इतक्यात अण्णासाहेब शिरस्त्याप्रमाणे आले. "कुमुदताई, यल्ला, चला, तेवढी पातेली..."

थोरांस करावा तैसा नमस्कार करण्यास बाई अदबीने वाकल्या, आणि हात अण्णासाहेबांच्या पायांकडे नेला.

अण्णासाहेब तीन पावले मागे उडाले. "नको, नको! राहू दे! मी बघतो ना!"

येणेप्रमाणे आखाड्याची फत्ते ममताबाईंची, आणि मोरीची फत्ते कुमुदबाईंची, ऐसे दफ्तरी दाखल केले. पातेली तीन, अण्णासाहेबांनी स्वहस्ते घासली. दोन लख्ख निघाली. तिसऱ्याच्या बुडाशी भात राहिला, तो दुसरे दिवशी रणजितरावांनी विनातक्रार खरवडिला.