भुतांच्या महिन्यात रोहित्र आणिले त्याची हकीकत

श्री रोहित्रप्रसन्न. प्रथम विद्युल्लतेस साष्टांग दंडवत. पूर्वसमुद्रातील बेटावरील ज्यायी शहरीचे पूर्वमंडईत रोहित्र, ज्यास लोक ट्रान्सफॉर्मर म्हणतात ते, कैसे आले, कोणी आणिले, कोण आडवे आले आणि कोणाचे सासूबाईंनी कोणास काय शब्द लाविले, ती कुल हकीकत येथे लिहिली असे. पाहिले ते पाहिले म्हणून आणि ऐकिले ते ऐकिले म्हणून लिहिले. पदरचे मीठ घातले ते चवीपुरतेच. मथळ्यात भुतांचे नाव घेतले ही मात्र चूक जाहली. त्या मुलखी सातवे चांद्रमहिन्यात मेलेली माणसे जगात फिरावयास येतात, तेव्हा त्यांस 'भले भाऊ' म्हणावे लागते, नाव घेतल्यास ती मंडळी आपणांस बोलाविले समजोन पाठीस लागतात. सबब त्यांची माफी मागोन पुढे लिहितो.

पूर्वी मंडई जुनी होती, पावसात गळे आणि उन्हात भाजे. मग नगरपालिकेचा हुकूम सादर जाहला की जुनी पाडोन नवी बांधावी, आणि कुल गाळेकरी सुऱ्या, पातेली, वजनकाटे आणि भांडणे बरोबर घेऊन मोटारतळावरील पत्र्याचे शेडांत मुक्कामास गेले. बांधकामाची सुभेदारी राजमान्य राजेश्री हौ चिंग-हुंग यांजकडे आली. सुभेदार उमदे, डोईस पिवळे शिरस्त्राण, कमरेस फोन, आणि स्वारीस एक स्कूटर जी चढावर खोकत असे. त्यांनी भिंती उभ्या केल्या, फरश्या बसविल्या, नळ सोडिले, गाळ्यागाळ्यावर दिवे टांगिले, आणि मग दिव्यांस वीज द्यावयाची तो रोहित्रच नाही.

कारण ऐसे जाहले की त्या काळी रोहित्रांचा दुष्काळ पडला. संगणकी चिपांचे कारखानदार मातबर, त्यांनी उठविली. समुद्रापारचे फिरंगी त्याहून मातबर, त्यांनी उरलेली उठविली. आणि गरीब मंडईचे वाट्यास वायद्याखेरीज काही उरले नाही. इमारत पुरी होऊन उभी, आणि आत काळोख. कबुतरांनी मात्र उद्घाटनाची वाट न पाहता गृहप्रवेश केला.

याची झळ सुभेदारांस विशेष, कारण मंडईचा कोपऱ्यावरील गाळा खास त्यांचे सासुरवाडीचा. सासूबाई मातोश्री बाँग-ची या टर्की-भाताच्या कारभारात अखिल शहरी नामांकित. गरम भात, वर टर्की पक्ष्याचे उभे तुकडे, वर चरबीची धार, ऐसा त्यांचा शिरस्ता. सुभेदार रोज दुपारी शेडात जेवावयास जात आणि काम किती लांबले हे मातोश्री तोंडाने न बोलता वाडग्यात दाखवीत. पहिला वायदा मोडला तेव्हा भातावरील तुकडे निम्मे जाहले. पुढे मोजता येऊ लागले. शेजारची मासळीवाली वाडग्यात डोकावोन रोहित्र कुठवर आले ते ओळखीत असे.

सासरे चुई-बोक हे काटकसरीचे महामेरू. शेडात कोणी उठोन गेले की त्याचे मागे दिवा मालवीत, आणि कधी कधी माणूस उठावयाचे आधीच मालवीत. ते आजारी पडले तेव्हा सुभेदारांनी उशाशी बसोन शब्द दिला, “बाबा, नव्या गाळ्यावरचा दिवा तुम्ही तुमच्या डोळ्यांनी बघणार.” त्यावर सासरे म्हणाले, “बघेन रे. पण मी येईपर्यंत उगाच लावून ठेवू नका.” मग हिवाळ्यात ते निवर्तले. दिवा लागला नाही. तेव्हापासून घरच्या देव्हाऱ्यातील सासऱ्यांच्या तसबिरीसमोर उदबत्ती लावताना सुभेदारांस मान वर करवत नसे.

त्यांनी उपाय थोडे केले नाहीत. त्या मुलखीचे वीजतंत्री यंत्राने शहाण्यासारखे वागावे म्हणून त्याजवर हिरव्या पाकिटातील कुरकुरीत खाऊ ठेवितात. पाकीट हिरवेच पाहिजे आणि मुदत टळलेले चालत नाही. सुभेदारांनी रोहित्र येण्याआधीच ते पाकीट रिकाम्या चौथऱ्यावर ठेविले, की खाऊच्या वासाने तरी यावे. पाकिटाची मुदत टळली. दुसरे ठेविले, तेही शिळे जाहले. मातोश्रींनी पाहोन शेरा दिला, “यंत्र नाही तिथं नैवेद्य! उंदीर तेवढे शहाण्यासारखे वागायला लागलेत.”

मग सुभेदारांनी उत्तरेस कारखान्यावर स्वारी केली. तेथील किल्लेदार चान साहेब मृदुभाषी गृहस्थ. चहा पाजीत, कमरेत वाकोन दिलगिरी देत, आणि रोहित्र देत नसत. ऐशा स्वाऱ्या बहुत जाहल्या आणि सुभेदार दर वेळी पोटभर चहा पिऊन पराभूत परतले. अखेर एके दिवशी चान साहेबांनी छातीवर हात ठेवोन सांगितले, “हौ साहेब, आठवा महिना. या वेळी नक्की. तारांची गुंडाळी सुरूसुद्धा झालीय.”

सुभेदार हर्षभरे माघारी आले आणि स्कूटर शेडाचे तोंडाशी टाकोन ओरडले, “आई! आठव्या महिन्यात दिवे लागणार!”

मातोश्रींनी झारा खाली ठेविला. “आठव्या? आणि तुझ्या सासऱ्यानं बघायचं कसं?”

“म्हणजे?”

“म्हणजे काय म्हणजे? तिकडून त्याला सुट्टी सातव्या महिन्यातच मिळते. पहिल्या दिवशी दार उघडतं, शेवटच्या दिवशी बंद. आठव्यात तू त्या गाळ्यावर चंद्र आणून टांगलास तरी तो बघणार कुठून? पुढच्या वर्षीपर्यंत मी असेन की नाही, कुणाला ठाऊक.”

“पण आई, सातव्या महिन्यात कुणी नवं दुकान उघडत नाही. लोक काय म्हणतील?”

“शब्द लोकांना दिला होतास की त्याला?”

त्या दिवशी वाडग्यात टर्की नव्हती, नुसता भात, आणि चरबीची धार तीही हात आखडोन. सुभेदारांनी तो तसाच खाल्ला, कारण सासूबाईंचे डोळे भरोन आले होते आणि त्या ते वाफेवर ढकलीत होत्या.

मग पुनश्च उत्तरेस कूच. सातवा महिना तोंडावर आलेला. चान साहेबांनी चहा मागविला, कमरेत वाकले, आणि ते वाकले असता त्यांचे पाठीवरोन सुभेदारांस खिडकीबाहेरचे आवार दिसले. तेथे ताडपत्रीखाली काही धिप्पाड उभे होते.

“ते काय आहे?”

“ते ना? ते दुसऱ्यांचं.”

“दुसऱ्यांचं काय?”

चान साहेब खाकरले. “त्सेंग शेठचं. गगनराज टॉवरचं रोहित्र. तयार होऊन पडलंय, पण त्यांचा वास्तुगुरू म्हणतो, सातव्या महिन्यात एवढं लोखंड दारात उतरवलं तर भले भाऊ त्यात बिऱ्हाड करतील. आठव्यात नेणार.”

“आणि आमचं?”

“अगदी तेच माप. तेही आठव्यातच निघेल.”

कुल मुलखात रोहित्रासाठी माणसे एकमेकांचे गळे धरीत होती, आणि येथे एक रोहित्र अंगणात बेवारस उभे, केवळ भावांचे भयाने! सुभेदारांनी चहा खाली ठेविला आणि फोन लाविला.

त्सेंग शेठजींशी तह जाहला तो ऐसा: तयार रोहित्र मंडईने न्यावे, आठवे महिन्यात निघेल ते शेठजींनी घ्यावे, आणि तयार रोहित्राबरोबर जे कोणी भले भाऊ येतील त्यांची कुल जबाबदारी मंडईची. शेवटचे कलम शेठजींनी दोनदा वदवोन घेतले. इतक्या खुशीने तह करणारा शत्रू इतिहासी आढळणे नाही.

इकडे गाळेकऱ्यांत हलकल्लोळ. मासळीवाली म्हणे सातव्यात उघडले तर धंदा बुडेल. फुलवाला म्हणे आपण दिवसाही आत पाय ठेवणार नाही. मग मातोश्री उलट्या पातेल्यावर उभ्या राहिल्या आणि फर्मावत्या जाहल्या, “दर वर्षी पौर्णिमेला त्यांना जेवू घालता ना? डुक्कर, फळं, दारू, तोंड धुवायला पाणी, वर पुसायला टॉवेल! आजवर एकानं तरी तक्रार केली? तुमची जिवंत गिऱ्हाइकं बघा, रोज मिठावरून भांडतात. असली सज्जन गिऱ्हाइकं आधी येताहेत तर तुमचं काय दुखतंय?” मासळीवालीस प्रथम हसू आले, मग फुलवाल्यास, आणि विरोध तेथेच मोडला.

रोहित्र दाखल जाहले. तो क्रेनवाला अडला की या महिन्यात भावांचे परवानगीवाचून दोरास हात लावणार नाही. मग मातोश्रींनी चंद्रकोरीचे आकाराचे दोन लाकडी कौल काढिले. दोन्ही पालथे पडल्यास नकार, दोन्ही उताणे पडल्यास वरचे हसतात, आणि एक ऐसा एक तैसा पडल्यास होकार. त्यांनी नवऱ्याचे नाव घेऊन टाकिले. दोन्ही उताणे!

“हसतोय मेला,” मातोश्री म्हणाल्या. “चुई-बोक, मस्करी पुरे. क्रेनवाल्याला जेवायला जायचंय.”

पुनश्च टाकिले, होकार आला, आणि रोहित्र डुलत डुलत चौथऱ्यावर विराजमान जाहले. मग तारा जोडणे, चाचण्या घेणे, वीजमंडळाचे तपासनीस येणे, तपासनिसांनी या महिन्यात शुभ दिवस शोधणे आणि तो न सापडणे, यात पौर्णिमा गेली आणि महिना उतरणीस लागला. सुभेदार तपासनिसांचे दारी जाऊन बसले आणि नियम, विनवणी, सासूबाई ही तिन्ही शस्त्रे चालविली. तिसरे लागू पडले. तपासनीसही कोणाचा तरी जावई होता.

अखेरचा दिवस उगवला. सांजेस भावांचे दार बंद होणार. रोहित्रावर ताजे हिरवे पाकीट ठेविले, गाळेकरी दाराशी दाटी करोन उभे राहिले, फुलवाला सर्वांचे मागे. सुभेदारांनी खटका ओढिला. रोहित्राने घुमारा दिला, आणि एका टोकापासोन दुसऱ्या टोकापर्यंत मंडई उजळली. कबुतरे उडाली. कोपऱ्यावरील गाळ्याचा दिवा दोन वेळा लुकलुकला आणि लागला. सुभेदारांनी शिरस्त्राण काढिले आणि सर्वांदेखत रडले.

मातोश्रींनी पहिला वाडगा भरोन फळीवर रिकाम्या बाजूस ठेविला, शेजारी जेवणाच्या काड्या ठेविल्या, आणि दिव्याकडे पाहोन बोलल्या, “आलास ना? हा बघ तुझा गाळा. जावयानं शब्द पाळला, त्याला काही बोलू नकोस. नीट जेव.” मग पदर नाही म्हणोन एप्रनने डोळे पुसले आणि दटावले, “आणि हे बघ, तुझी खोड मला ठाऊक आहे. जाताना दिवा मालवू नकोस.”

दुसरा वाडगा सुभेदारांपुढे आला. त्यात टर्कीखाली भात होता म्हणतात. आम्हांस दिसला नाही.

येणेप्रमाणे रोहित्र-मोहीम फत्ते जाहली. नोंद करणे की सांज जाहली, भावांचे दार बंद जाहले, पाहुणे आपले ठिकाणी परतले, आणि चुई-बोक यांनी आयुष्यात व आयुष्यापश्चात प्रथमच मागे दिवा चालू ठेविला.