चहाआधी दोनशे मशिनं

दुपारच्या चहाआधी दोनशे मशिनं पॅच करून दाखवतो, असं मी मीटिंगमध्ये म्हणालो तेव्हा मला कोणी विचारलंही नव्हतं. साहेब एवढंच म्हणाले होते, की यंदाचे पॅच तीन आठवड्यांत टप्प्याटप्प्यानं उरकू. पण डेटा सेंटरमध्ये चौदा वर्षं काढलेल्या माणसासमोर कोणी ‘टप्प्याटप्प्यानं’ म्हटलं, की माझ्या डोक्यात तिडीक जाते.

पॅच म्हणजे सॉफ्टवेअरला लावायचं ठिगळ. आणि आमची मशिनं ही खरी मशिनं नव्हेत. खरे सर्व्हर पाचच, एकेकाच्या पोटात चाळीस-चाळीस व्हर्च्युअल मशिनं बिऱ्हाडकरूंसारखी राहतात आणि सगळ्यांचं सामान एकाच सामाईक स्टोरेजवर असतं. ठिगळ लावण्याआधी प्रत्येकाचा स्नॅपशॉट घ्यायचा, म्हणजे त्याची आत्ताची अवस्था जशीच्या तशी गोठवून ठेवायची. बिघडलं तर मागे फिरता येतं. ठीक चाललं तर स्नॅपशॉट काढून टाकायचा. यातलं शेवटचं वाक्य आमच्या ऑफिसात आजवर कोणी अमलात आणलेलं नाही. आज काढला आणि उद्या गरज पडली तर बोट कोणाकडे दाखवायचं? म्हणून ते वर्षानुवर्षं पडून राहतात आणि फुगत जातात. त्यांची नावं तरी बघा: ‘काढू नका’, ‘अजिबात काढू नका’, ‘विचारल्याशिवाय काढू नका’. कोणाला विचारायचं ते कुठेच लिहिलेलं नाही.

स्टोरेज सांभाळणाऱ्या बाईंना आम्ही पाठीमागे कपाटबाई म्हणतो. त्या म्हणाल्या, “आधी जुने स्नॅपशॉट काढा. सहाच टक्के जागा उरलीय.”

“मॅडम, सहा टक्क्यांत मी संसार थाटून दाखवेन.”

“बरं,” असं म्हणून त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं.

साहेबांना काळजी होती ती कॉलेजप्रवेशाच्या पोर्टलची. तेही आमच्याच स्टोरेजवर चालतं आणि त्या दिवशी संध्याकाळी पाचला फॉर्मची मुदत संपणार होती. “त्याला हातही लावणार नाही,” असं मी सांगितलं आणि तो शब्द पाळलाही. माझ्या मुलीचाही फॉर्म त्याच पोर्टलवर भरायचा राहिला होता. आमच्या घराण्यात मुदतीआधी कोणी काही केल्याची नोंद नाही.

दीड वाजता मी दोनशे स्नॅपशॉट एका दमात घेतले आणि दोनशे मशिनांवर एकदम पॅच सोडले. मग पाय लांब करून बसलो. तीन वाजून दहा मिनिटांनी बायकोचा फोन आला.

“अहो, फॉर्म अडकलाय. फोटो चढत नाहीये.”

“मोठा असेल. लहान कर.”

दहा मिनिटांनी पुन्हा. “लहान केला. तरी अडकलाय.”

“अजून लहान कर. आणि उगाच दहादा बटण दाबू नका. तुम्ही लोक मशीनला श्वासच घेऊ देत नाही.”

“तुमच्याकडे सगळं ठीक आहे ना?”

“माझ्याकडे? अगं, चौदा वर्षं झाली मला!”

तिसऱ्या फोनला मी घरच्या इंटरनेटचा उद्धार केला. चौथ्या फोनवर मुलगी होती. “बाबा, फोटोत आता माझं फक्त नाक ओळखू येतंय.” मी म्हटलं, नाक पुरे.

फोन ठेवला तर समोर कपाटबाई उभ्या. “शंभर टक्के,” त्या म्हणाल्या.

“झाली सगळी मशिनं?”

“स्टोरेज भरलं.”

ठिगळांचं सगळं नवं सामान स्नॅपशॉटच्या ढिगात जाऊन पडत होतं आणि माझ्या सहा टक्क्यांचा संसार दीड तासात बुडाला होता. लिहायला जागा मागणारं प्रत्येक मशीन जागच्या जागी थिजलं होतं, पोर्टलसुद्धा.

“मग स्नॅपशॉट काढून टाकू,” मी म्हणालो.

“काढायलाही जागा लागते. त्यातलं सामान मूळ मशीनमध्ये भरावं लागतं. एखादं अख्खं बिनकामाचं मशीनच उडवायला हवं.” त्यांनी वही उघडली. “हे बघा. ‘तात्पुरतं-१’. सहा वर्षं पडून आहे. सगळ्यात जास्त जागा हेच खातंय.”

“उडवा की मग.” एव्हाना साहेबही येऊन उभे राहिले होते.

“मालकाची लेखी परवानगी लागते,” बाई म्हणाल्या आणि त्यांनी मालकाला मेल पाठवला.

माझ्या कम्प्युटरवर टिंग वाजलं. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. बघावं लागेल, असं काहीतरी पुटपुटत मी ते मशीन उघडलं. आत माझीच व्याख्यानं होती. नव्या कर्मचाऱ्यांसाठी मी स्वतः हौसेनं रेकॉर्ड केलेली, उत्तम दर्जाची, एकशेवीस तासांची, तीन-तीन प्रतींत. साहेबांनी चष्मा सावरून मोठ्यानं वाचलं, “भाग सात. नको असलेले स्नॅपशॉट वेळच्या वेळी का काढावेत.”

“शेवटचं कधी उघडलंय ते बघा,” कपाटबाई म्हणाल्या.

ज्या दिवशी बनवलं त्याच दिवशी. तेही मीच.

“एखादी प्रत तरी बाजूला ठेवू या,” मी म्हणालो.

“कुठे?” त्यांनी विचारलं.

तेवढ्यात पुन्हा फोन. मुलगी रडत होती. “बाबा, माझं अख्खं वर्ष वाया जाईल.” नेहमी मला टोमणे मारणारी पोर हुंदके देत होती आणि ते माझ्यामुळे, हे तिला माहीतही नव्हतं. मला स्वतःची भयंकर लाज वाटली. मी मेलला ‘परवानगी आहे’ असं उत्तर दिलं. चार वाजून एक्केचाळीस मिनिटांनी पोर्टल हललं आणि पाचला सहा मिनिटं कमी असताना फॉर्म गेला.

संध्याकाळी घरी पोचलो तर पोर्टलवर सूचना झळकत होती: तांत्रिक बिघाडामुळे मुदत एक आठवडा वाढवण्यात येत आहे. माझी एकशेवीस तासांची व्याख्यानं फुकट गेली. मुलगी मात्र खुशीत फॉर्म पुन्हा उघडून बसली होती.

“फोटो बदलतेयस ना?” मी विचारलं.

“फोटो पण. आणि पहिली पसंती पण.”

पहिल्या पसंतीला कम्प्युटर होतं, माझ्या आग्रहाखातर. “का गं? कम्प्युटरमध्ये काय वाईट आहे?”

ती आईकडे बघून हसली. “वाईट काही नाही रे बाबा. पण घरात एक पुरे.”

मी पोर्टल पुन्हा अडकायची थोडा वेळ वाट पाहिली. पण फॉर्म पहिल्याच फटक्यात गेला.