लेझरला बिअर चालत नाही

"एक थेंबसुद्धा नाही, आई," ग्रोवरने सासूबाईंना बजावलं. "हे विज्ञान आहे. विज्ञानाला बिअर चालत नाही. उद्या दुपारी उत्सवाचे यजमान आपल्या हॉलमध्ये पाऊल टाकतील, मी एक बटण दाबीन, आणि समोरच्या भिंतीवर हिरव्या लेझरने त्यांचं नाव उमटेल. आख्ख्या एल आल्तोत आजवर कोणी असं केलेलं नाही. तुम्ही फक्त टोपी सांभाळा, वर बघताना पडायची."

साबिनाबाईंनी हातातली बाटली काही खाली ठेवली नाही. "जावईबापू, चाल्या केल्याशिवाय नवी वस्तू घरची होत नाही," त्या म्हणाल्या.

त्यांचंही चूक नव्हतं. बोलिव्हियाच्या पठारावरच्या या एल आल्तो शहरात मोटार आली की चाल्या, शिवणयंत्र आलं की चाल्या. बाटली उघडायची, पहिली धार धरतीमायला, दुसरी वस्तूच्या चारी कोपऱ्यांवर, वरून रंगीत कागदाचे कपटे, आणि उरलेली आपण प्यायची. पण मोटार हे सगळं सोसते. साबिनाबाईंच्या हॉलमधल्या यंत्रांना ते सोसत नव्हतं. मागच्या वर्षी धुराच्या मशीनची चाल्या झाली, तीन बाटल्या आत गेल्या, आणि नवरानवरीच्या पहिल्याच नाचाला धुराऐवजी फेस आला. नवरी घसरून थेट केकपर्यंत गेली. त्याआधी अॅम्प्लिफायरची चाल्या झाली होती. त्याला तेव्हा जी सर्दी झाली, ती गेलीच नाही.

म्हणून या वेळी ग्रोवरने पक्का बंदोबस्त केला. गुरुवारच्या बाजारातून त्याने एक जुनी लोखंडी पेटी आणली. बोटभर जाडीचा पत्रा, आत नवा कोरा लेझर कंट्रोलर, लेझरच्या वायरी मागच्या भोकातून बाहेर, पुढे हे एवढं मोठं कुलूप. लॅपटॉप कंट्रोलरशी बिनतारी बोलणार होता, त्यामुळे पेटी उघडायची गरजच नव्हती. शनिवारी सकाळी झाकण उघडं ठेवून त्याने सात वेळा तपासलं, सातही वेळा लॅपटॉपवर हिरवी खूण आली. मग त्याने झाकण लावलं, कुलूप घातलं, किल्ली गळ्यात अडकवली आणि स्वतःवर खूश होऊन दाढी करायला गेला.

आता या माणसाला एवढा आटापिटा करायचं कारण काय, असं तुम्ही विचाराल. कारण सांगतो. ग्रोवर आलानोका हा घरजावई. तीन वर्षं तो सासूबाईंच्या इमारतीत राहत होता. खाली दुकानं, मध्ये हॉल, वर गच्चीवर घर. साबिनाबाई त्याला 'इंजिनिअर' म्हणायच्या, पण म्हणताना ओठाचा एक कोपरा हसायचा, आणि तो कोपरा ग्रोवरला फार लागायचा. एकदा तरी ही बाई न हसता 'इंजिनिअर' म्हणेल, एवढीच त्याची इच्छा होती. आणि शुक्रवारी रात्रीच्या जेवणाला साबिनाबाईंनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं होतं, "उद्या लेझर लागला तर लाइट-साउंडच्या केबिनची किल्ली कायमची तुझ्याकडे. नाही लागला तर रुपेर्तोकडे. तू मग स्वयंपाकघरात बाटल्या मोज."

रुपेर्तो म्हणजे ग्रोवरचा साडू. मिनीबस चालवायचा. त्याला विजेतलं एवढंच कळायचं की बटण खाली केलं की दिवा लागतो. तो त्या वेळी मान खाली घालून सूप पीत होता, पण त्याचे कान हसत होते.

शनिवारी दुपारी दीड वाजता पडदे ओढून हॉल काळाकुट्ट केला होता. तीनशे पाहुणे बसले होते. खालच्या रस्त्यावर चाळीस जणांचा बँड ढोल-तुताऱ्या बडवत मिरवणूक घेऊन येत होता. ग्रोवरने केबिनमध्ये लॅपटॉप उघडला. 'कंट्रोलर सापडत नाही.'

"सापडत नाही म्हणजे? दीड हातावर तर आहे," तो लॅपटॉपला म्हणाला.

त्याने लॅपटॉप बंद करून चालू केला. सापडत नाही. लॅपटॉपचं नाव बदललं, कंट्रोलरचा पत्ता पुन्हा टाइप केला, एकदा बोटाने, एकदा डोळे मिटून. सापडत नाही. मग त्याच्या मनात आलं, एवढे तीनशे मोबाइल हवेत गोंधळ घालताहेत, बिचाऱ्या लॅपटॉपला ऐकू तरी काय येणार? त्याने माईक हातात घेतला. "मंडळी, दोन मिनिटं सगळ्यांनी मोबाइल बंद करा."

तीनशे माणसांनी मोबाइल बंद केले. त्यामुळे मिरवणुकीतल्या इलारियोनशेठचा, म्हणजे उत्सवाच्या यजमानांचा, फोन हॉलमधला एकही माणूस उचलेना. त्यांना वाटलं, पाहुणे रुसून निघून गेले. ते घाबरून मिरवणूक पळवत आणायला लागले. अंगावर तीस-तीस किलोचे पोशाख घातलेले नाचणारे, आणि यजमान मागून ओरडताहेत, "पाय उचला, पाहुणे चालले." बँडचा ताल असा काही वाढला की म्हातारी माणसं गच्चीत येऊन बघायला लागली, पलटण कुठे निघाली म्हणून.

इकडे ग्रोवरने चिलीतल्या इकिके बंदराला फोन लावला. कंट्रोलर तिथल्या दुकानातून आला होता. पलीकडून चिलीचा एक तरुण शांतपणे बोलला.

"साहेब, लॅपटॉप आणि कंट्रोलर एकमेकांना दिसताहेत का?"

"त्यांना डोळे कुठे आहेत?"

"म्हणजे मध्ये काही अडथळा आहे का?"

"काही नाही. एकदम सुरक्षित ठेवलाय," ग्रोवर अभिमानाने म्हणाला.

तेवढ्यात साबिनाबाईंनी फोन हिसकावला. "हे बघ बाळा, त्या लढाईत तुम्ही चिलीवाल्यांनी आमचा समुद्र घेतलात तो घेतलात. ते जुनं झालं. लेझर तरी धड द्यायचा होता."

पलीकडून तो पोरगा दबक्या आवाजात म्हणाला, "बाई, मेन स्विच बंद करून परत चालू करा. सगळ्यांना तेच सांगतो."

ग्रोवरने मेन स्विच खाली ओढला. दिवे गेले, फ्रीज गेले, स्वयंपाकघरातले पंखे गेले, आणि लिफ्टही गेली. लिफ्टमध्ये इलारियोनशेठ होते. सोबत त्यांची बायको प्रिमितिवाबाई, दोघांच्या मध्ये घोड्यावर बसलेले संत सान्तियागो, आणि जागा नसतानाही घुसलेला मोठ्या ढोलाचा वादक. लिफ्ट हॉलच्या दाराशी येऊन दीड फूट खाली लटकली. खाली जिन्यात बँड वाजतच होता, म्हणून आत ढोलवालाही वाजवत राहिला. ताल सोडणं त्याच्या धर्मात बसत नव्हतं.

ग्रोवरने घाईघाईने स्विच वर केला. दिवे आले. लिफ्टही वर सरकून दाराला लागली. दार उघडलं. इलारियोनशेठनी घाम पुसत पहिला प्रश्न विचारला, "लेझर लागला?"

"दोन मिनिटं, शेठ."

"मग दोन मिनिटांनी येतो." आणि त्यांनी आतून दार बंद केलं.

ग्रोवरने दारावर टकटक केलं. "शेठ, बाहेर या, सूप गार होतंय."

"गेल्या वर्षीच्या यजमानाने धूर सोडला होता," आतून आवाज आला. "त्याच्या आदल्या वर्षीच्याने कबुतरं सोडली. माझं नाव भिंतीवर आल्याशिवाय मी या डब्यातून बाहेर पाय ठेवणार नाही."

"माझंही," प्रिमितिवाबाई म्हणाल्या. "आणि माझं आधी."

आता झाली का पंचाईत. यजमान आणि संत आत आल्याशिवाय बँड आत येत नाही, आणि बँड वाजल्याशिवाय कोणी चमचा उचलत नाही. तीनशे माणसं सुपाकडे बघत बसली. स्वयंपाकीण बाई दर पाच मिनिटांनी येऊन सांगून जायची की डुकराचं मांस आता विरघळायला आलंय. आणि रिकामा बसलेला माणूस सल्ला देतो. कोणी म्हणालं, यंत्राला उंची लागलीय, चिलीत समुद्रकाठी राहिलेलं, चार हजार मीटरवर दम लागणारच. त्याला चघळायला कोकाची पानं द्या. एका आजोबांनी खरंच चिमूटभर पानं पेटीवर आणून ठेवली. पण हळूहळू सगळ्यांचं एकमत झालं, आणि ते एकमत पहिल्या टेबलापासून शेवटच्या टेबलापर्यंत कुजबुजत गेलं: याची चाल्या झालेली नाही.

"बिचारं तहानलेलं आहे," एक मावशी हळहळली.

"इतक्या लांबून आलं, आणि घोटभर विचारलं नाही कोणी," दुसरी म्हणाली.

ग्रोवरच्या तोंडचं पाणी पळालं. तो पेटीला पाठ लावून उभा राहिला. "बिअर नाही म्हणजे नाही. वायरी जळतील. तीन वर्षांनी माझ्या हातात एक धड यंत्र आलंय, ते तरी जगू द्या."

गर्दीतून रुपेर्तो आला. खांद्यावर बिअरची आख्खी पेटी. चेहऱ्यावर अशी काळजी, की जणू दवाखान्यात रक्त घेऊन आलाय.

"आई म्हणाल्या, तुझ्या गळ्यातली किल्ली घेऊन ये," तो म्हणाला.

मागून साबिनाबाई आल्या. त्या चिडल्या असत्या तर ग्रोवरला बरं वाटलं असतं. त्या थकलेल्या दिसत होत्या. "इंजिनिअर," त्या म्हणाल्या, आणि या वेळी ओठाचा कोपरा हसला नाही. पण ते ऐकून ग्रोवरला आनंद होण्याऐवजी रडू आलं. "माझं पंचवीस वर्षांचं नाव त्या लिफ्टमध्ये अडकलंय. पेटी उघड, नाहीतर किल्ली रुपेर्तोला दे आणि खाली जा."

ग्रोवरने गळ्यातली किल्ली काढली. कुलूप उघडलं. झाकण वर केलं, कंट्रोलर वायरींसकट उचलून टेबलावर ठेवला. साबिनाबाईंनी बाटलीचं झाकण उडवलं, आणि पहिली धार जमिनीवर धरली.

लॅपटॉप टुणकन वाजला. हिरवी खूण.

ग्रोवर बघतच राहिला. त्याने रिकाम्या पेटीकडे बघितलं, तिच्या बोटभर जाड पत्र्याकडे बघितलं, आणि त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. "थांबा, आई. बिअर नको. लागलं. पेटीमुळे अडलं होतं, लोखंडातून लहरी जात नाहीत."

पण साबिनाबाईंची दुसरी धार निघाली होती. ग्रोवरने यंत्रावर उडी टाकली, दोन्ही हातांनी त्याला पोटाशी घेतलं, आणि बिअर त्याच्या कॉलरमधून आत शिरून मोज्यापर्यंत गेली. वरून रुपेर्तोने कपटे टाकले. त्या अवस्थेत त्याने कोपराने बटण दाबलं.

भिंतीवर हिरव्यागार अक्षरांत उमटलं: प्रिमितिवा आणि इलारियोन. हॉलने एकच जल्लोष केला. लिफ्टचं दार उघडलं, संत बाहेर आले, बँड आत शिरला, प्रिमितिवाबाई स्वतःचं नाव बघून ढसाढसा रडल्या आणि तीनशे चमचे एकदम सुपात बुडाले.

इथे शहाणा माणूस गप्प बसला असता. पण ग्रोवरच्या अंगातून बिअर ठिबकत होती आणि श्रेय रुपेर्तोच्या खांद्यावरच्या पेटीला चाललं होतं. ते त्याला सहन होईना. "आई, तुम्हाला प्रयोग करून दाखवतो," तो म्हणाला. त्याने कंट्रोलर पुन्हा लोखंडी पेटीत ठेवला आणि झाकण लावलं. भिंतीवरचं नाव फटकन गेलं. बँड थांबला. इलारियोनशेठ संतांना उचलून परत लिफ्टमध्ये जाऊन उभे राहिले.

ग्रोवरने झाकण उघडलं. नाव आलं. शेठ बाहेर आले.

"बघितलंत?" ग्रोवर विजयी मुद्रेने म्हणाला. "झाकण बंद, नाव गेलं. झाकण उघडं, नाव आलं. बिअरचा काही संबंध आहे का यात?"

साबिनाबाईंनी त्याच्याकडे मायेने पाहिलं. "अरे, साहजिक आहे. आत्ताच कुठे त्याला दोन घोट मिळाले, आणि तू परत कोंडायला निघालास. कोणालाही राग येईल."

सगळ्या केबिनने माना डोलावल्या. रुपेर्तोची तर जरा जास्तच डोलली.

केबिनची किल्ली मात्र ग्रोवरकडेच राहिली. शब्दाला पक्क्या आहेत साबिनाबाई. सोमवारी सकाळी तो केबिनमध्ये वायरी गुंडाळत होता, तेव्हा फोन वाजला. समोरच्या चौकातल्या हॉलचे मालक फाउस्तोशेठ.

"इंजिनिअर आलानोका?" त्यांनी विचारलं, आणि त्यांच्या आवाजात हसण्याचा मागमूसही नव्हता. "शनिवारचं ऐकलं. सगळं एल आल्तो तेच बोलतंय. आमच्याकडेही लेझर घेतलाय, पण तो लॅपटॉपला सापडतच नाही. तुमचा सल्ला हवाय."

ग्रोवर ताठ बसला. तीन वर्षं ज्याची वाट बघितली ते हेच. त्याने त्यांना लहरी समजावल्या, पत्रा समजावला, पत्ता कसा टाकायचा ते समजावलं, अडथळा म्हणजे काय ते दोन उदाहरणं देऊन सांगितलं. चांगली वीस मिनिटं तो बोलत होता. फाउस्तोशेठ मध्ये मध्ये 'हो, हो' म्हणत लिहून घेत होते.

"फार उपकार झाले," शेवटी ते म्हणाले. "आता मुद्द्याचं सांगा. कोणत्या कंपनीची ओतली होती?"

ग्रोवरने फोन एका कानावरून दुसऱ्या कानावर घेतला. फोन ठेवून द्यावा, असं त्याला वाटलं. पण पलीकडे एक माणूस वही-पेन घेऊन त्याच्या शब्दाची वाट बघत होता, आणि असं आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं.

त्याने घसा साफ केला आणि कंपनीचं नाव सांगितलं.

"आणि हे लिहून घ्या, शेठ," तो म्हणाला. "बाटली थंड नको. थंड बिअरने कनेक्शन लागत नाही."